ऑक्झिंडेन घराणे : केंटपासून रायगडापर्यंत

हेन्री ऑक्झिंडेन हे नाव मराठी वाचकाला एका दिवसामुळे ठाऊक आहे. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचा वकील म्हणून तो सिंहासनासमोर उभा होता. त्याने लिहून ठेवलेला वृत्तांत आपल्याकडे शेकडो वेळा उद्धृत झाला आहे. तथापि या साक्षीदाराची उलटतपासणी क्वचितच झाली. तो कोणाचा कोण, त्याच्या घरची परिस्थिती काय, आणि वैशाखाच्या उन्हात मुंबईहून निघून सह्याद्री चढण्याइतकी कोणती गरज त्याच्या मागे होती, हे प्रश्न विचारले म्हणजे तो वृत्तांत निराळा दिसू लागतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो वृत्तांत जितका आहे, तितकेच त्यामागचे घराणेही आहे.

ऑक्झिंडेन हे इंग्लंडच्या केंट परगण्यातील जमीनदार घराणे. विंगहॅम गावाजवळील डीन ही त्यांची वडिलोपार्जित मिळकत. आपल्याकडे वतनाच्या वाटण्या होतात, भावाभावांत तंटे लागतात आणि त्या तंट्यांतून करीने, महजर, कैफियती जन्माला येतात. मराठी गद्याचा मोठा भाग या भाऊबंदकीच्या पोटी आलेला आहे. इंग्रजी सरदारवर्गात जमीन सहसा थोरल्याकडे जाई. धाकट्यांनी धर्मपीठ, कायदा, सैन्य किंवा व्यापार यांपैकी एकाची वाट धरावी, अशी रीत होती. सर जेम्स ऑक्झिंडेन यांचा थोरला मुलगा हेन्री डीनचा मालक झाला. तिसरा मुलगा जॉर्ज (जन्म १६२०) आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांच्या वाट्याला सुरत आली. व्यापारी घराणे म्हणून ज्याला आपण ओळखतो, ते मुळात जमिनीवरून खाली घसरू पाहणाऱ्या धाकट्या मुलांनी उभे केलेले घराणे आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रायगडावर गेलेला हेन्री डीनच्या मालकाहून वेगळा. एकाच नावाची माणसे पिढ्यान् पिढ्या येत राहिल्याने या घराण्याच्या इतिहासात गोंधळ फार होतो, एवढे येथेच सांगून ठेवतो.

याच घराण्याची दुसरी शाखा बारहॅम येथे होती. तेथला आणखी एक हेन्री (१६०८–१६७०) लॅटिन कविता करणारा, पुस्तके जमविणारा, नाटकांच्या छापील प्रतींची यादी आपल्या वहीत टिपून ठेवणारा रसिक गृहस्थ होता. तो व्यापारात पडला नाही. यादवी युद्धाच्या काळात कर्जात मात्र बुडाला. त्याच्यापाशी साठलेला पत्रव्यवहार डोरोथी गार्डिनर यांनी १९३३ आणि १९३७ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. लग्ने, हुंडे, तारणे, मुलींचे नखरे, शेजाऱ्यांच्या कागाळ्या, सगळे त्यात आहे. आपल्या सतराव्या शतकाचे असे घरगुती लेखन हाती नाही, याची खंत ती पत्रे वाचताना वाटल्यावाचून राहत नाही. एका शाखेने पत्रे राखली आणि दौलत घालविली. दुसरीने समुद्र ओलांडला. आता त्या दुसऱ्या शाखेकडे वळू.

ख्रिस्तोफर ऑक्झिंडेन १८ एप्रिल १६५९ रोजी सुरतेस वारला. त्याच्या थडग्यावर लॅटिन लेख आहे आणि तो प्रस्तुत लेखकास या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका साहित्यिक पुरावा वाटतो. संपूर्ण लेख जमाखर्चाच्या रूपकावर उभा आहे. मृताने या देशात आपली नोंद सुरू केली आणि येथेच ती बंद केली. त्याच्या हिशेबात वर्षे पडली नाहीत, दिवसच पडले, कारण मृत्यूने अवेळी हिशेबाला बोलाविले. पुढे लेख थेट मालकांना, म्हणजे कंपनीच्या धन्यांना, विचारतो की या व्यवहारात नफा किती आणि तोटा किती. धन्यांनी नोकर गमावला, सोबत्यांनी सोबती, त्याने स्वतः प्राण. मात्र वहीच्या पलीकडच्या पानावर मरण हाच लाभ अशी नोंद त्याला करता येईल. शेवटचे वाक्य बायबलातील पौलाच्या एका वचनाकडे निर्देश करते. आपल्याकडेही संतांनी हुंडी, मुद्दल, व्याज, खत फाडणे ही सावकारी भाषा भक्तीसाठी वापरली आहे. तेव्हा रूपक आपल्याला परके नाही. फरक असा की संताच्या अभंगात सावकार हा देव असतो. सुरतेच्या दगडावर देव आणि कंपनी दोघेही धनको आहेत, आणि लेख आधी कंपनीशी बोलतो.

जॉर्ज या भावाहून भाग्यवान ठरला. लहानपणीच तो या देशात येऊन गेला होता. दुसरा चार्ल्स गादीवर परत आल्यावर नोव्हेंबर १६६१ मध्ये त्याला नाइटचा किताब मिळाला आणि मार्च १६६२ मध्ये कंपनीने त्याला सुरतेचा प्रेसिडेंट नेमले. पगार सालिना ३०० पौंड. वर २०० पौंड बक्षीस, ते त्याने खासगी व्यापार करू नये म्हणून. हा आकडा बारकाईने पाहण्याजोगा आहे. पगाराच्या दोनतृतीयांश इतकी रक्कम मोहापासून दूर ठेवण्यासाठी द्यावी लागते, म्हणजे मोहाची किंमत कंपनीलाही माहीत होती. कंपनीचा नोकर, राजाचा किताबदार आणि नातलगांचा आडत्या, या तीन भूमिका एकाच माणसात होत्या. त्याच्याबरोबर बहिणीचा मुलगा स्ट्रेनशॅम मास्टर कोवळ्या वयात, १६५६ साली, हिंदुस्थानात आला होता. मामाने भाच्याला दुकानावर बसवावे, ही गोष्ट मारवाडी वा कोमटी पेढीत घडली असती तर कोणास नवल वाटले नसते.

सुरतेवरील पहिल्या स्वारीने या घराण्याचे भाग्य पालटले. ६ जानेवारी १६६४ रोजी मराठी फौज शहरात शिरली तेव्हा सुभेदार किल्ल्यात दडून बसला. जॉर्जने गलबतांवरचे खलाशी आणून वखार लढती ठेवली, आणि चार दिवस ती राखली. शहरातला सर्वांत मोठा सावकार वीरजी व्होरा याची हवेली लुटली गेली. याच वीरजीकडून इंग्रजांनी पिढीभर कर्जे काढली होती. बादशहाने इंग्रजांना जकातीत सूट दिली, कंपनीने सुवर्णपदके दिली. मास्टरलाही पुढे १६७२ साली पदक मिळाले. एकाच आठवड्यात धनको उतरणीला लागला आणि ऋणको नावारूपाला आला. वीरजीपाशी इंग्रजांपेक्षा पैसा अधिक होता. भिंतीवर चढविण्यास तोफा आणि खलाशी नव्हते. त्या काळच्या हिंदी व्यापाऱ्याची शोकांतिका यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

स्वारी आटोपून महाराज परतले आणि त्याच महिन्यात, २३ जानेवारी १६६४ रोजी, दूर कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे मरण पावले. एका बाजूस केंटमधून सुरतेस आलेले घराणे आणि दुसऱ्या बाजूस वेरूळ-पुण्याहून बंगळुरास गेलेले घराणे, अशी जोडी येथे सहजच डोळ्यांसमोर उभी राहते. दोघेही परमुलखात वाढले. रणदुल्लाखानाच्या स्वारीत केंपेगौडाचे बंगळूर १६३८ च्या सुमारास विजापूरच्या हाती आले व शहाजीच्या जहागिरीत पडले. तेथील दरबाराचे चित्र आपल्याला मिळते ते जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’मध्ये. वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ १९२२ साली छापून काढला, त्याला आता शतक उलटले. जयरामाने राजासमोर बारा नारळ ठेवले आणि आपण बारा भाषांत कविता करतो असा त्यांचा अर्थ सांगितला, ही कथा सर्वपरिचित आहे. संस्कृत, मराठी, कन्नड, फारसी, दख्खनी, गुजराती, हिंदुस्थानी असा तो मेळा. टोपीकरांची भाषा त्यात नाही.

दोन्ही घराण्यांनी आपल्या उत्कर्षाची नोंद कशी ठेवली, हे या ठिकाणी पाहण्यासारखे आहे. भोसल्यांच्या बंगळुरी दरबारात समस्यापूर्ती होते, राजाच्या दानाचे वर्णन होते, कवी आपला देश व कुळ सांगतो आणि राजाच्या कुळाची थोरवी गातो. पैसा आहे, पण तो देण्याच्या क्षणी दिसतो. तो आला कोठून याची चंपूस फिकीर नाही. ऑक्झिंडेनांच्या कागदांत नेमके उलट : येणारा पैसा ओळीओळीने दिसतो आणि थोरवीचे शब्द थडग्यापुरते राखून ठेवलेले असतात. एक वाङ्मय दानाच्या बाजूने लिहिले गेले, दुसरे आवकीच्या. चंपूकाव्याचा अभ्यासक कंपनीच्या पत्रांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहतो आणि बाजूस सारतो. परंतु दानवर्णन हा जसा एक अलंकारबद्ध प्रकार, तसाच वखारीचा कागद हाही संकेतबद्ध प्रकार आहे, आणि त्याच्या संकेतांची ओळख करून घेतल्याशिवाय रायगडचा वृत्तांत वाचणे म्हणजे छंद न ओळखता ओवी वाचणे होय.

या कालखंडात गावेही मालासारखी हस्तांतरित होत होती. मुंबई १६६१ च्या करारान्वये पोर्तुगीज राजकन्येबरोबर हुंड्यात गेली. इंग्लंडच्या राजाने ती मार्च १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीस दिली. त्याच सालच्या सप्टेंबरात सर जॉर्जच्या प्रतिनिधींनी तिचा ताबा घेतला. बंगळूरचेही तेच झाले. तंजावर हाती आल्यावर एकोजीराजांना दूरचे ते ठाणे सांभाळणे जड होऊ लागले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याशी तीन लाख रुपयांचा सौदा चालू होता, तोच १६८७ साली मोगलांच्या कासीमखानाने शहर घेतले आणि शेवटी तेवढ्याच किमतीस ते म्हैसूरकरांस दिले. पुढे मोठी झालेली ही दोन शहरे. एक हुंड्यात गेले आणि भाड्याने लागले, दुसरे रोकड मोजून विकले गेले.

सर जॉर्ज १६६९ च्या जानेवारीत मुंबईस आला, कारभाराचे नियम ठरवून परतला आणि १४ जुलै रोजी सुरतेस मरण पावला. त्याच साली एकोजीच्या कारकीर्दीतील जो शिलालेख कोरला गेला तो बंगळुरात मल्लेश्वरम येथील काडु मल्लेश्वर देवालयाजवळ आहे. देवळाला गाव लावून दिल्याची ती नोंद. सुरतेस जॉर्जच्या स्मरणार्थ उठलेली वास्तू मात्र कोणत्याही मोगल अमिराला शोभेल अशी आहे. ख्रिस्तोफरची छोटी घुमटी आत ठेवून तिच्यावर दुमजली, खांबांची, घुमटाची इमारत चढविली गेली. जिवंतपणी जोडलेले भाऊ मृत्यूनेही वेगळे झाले नाहीत, असा तिचा आशय. धाकट्या मुलांना डीनच्या जमिनीत जे मिळाले नाही, ते सुरतेच्या जमिनीत मिळाले. घुमट इस्लामी, लेख लॅटिन, कारागीर येथलेच.

आता रायगड. हेन्री ऑक्झिंडेन दोन सहकाऱ्यांसह आणि दुभाषी नारायण शेणवी यास घेऊन १६७४ च्या मे महिन्यात मुंबईहून निघाला. महाराज प्रतापगडास भवानीच्या दर्शनास गेलेले असल्याने मंडळींना पायथ्याशी पाचाडास थांबावे लागले. वकिलातीचे मूळ राज्याभिषेकात नव्हते. ते राजापुरात होते. पन्हाळ्याच्या वेढ्यात १६६० साली राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरविला, एवढेच नव्हे तर स्वतःचे निशाण लावून तोफ डागली. याचा जाब १६६१ मध्ये राजापूरची वखार खणून घेण्यात आला आणि वखारवाले १६६३ च्या आरंभापर्यंत कैदेत पडले. नुकसानभरपाईसाठी उस्टिक १६७२ साली व निकल्स १६७३ साली येऊन गेले होते. हेन्री तिसरा. म्हणजे जो माणूस सिंहासनाकडे पाहत होता, तो थकलेल्या बाकीच्या वसुलीस आलेला माणूस होता.

ही गोष्ट मनाशी धरून त्याचे निरीक्षण वाचावे. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस सोन्याच्या पात्यांच्या भाल्यांवर टांगलेली चिन्हे त्याने टिपली : मोठ्या दातांच्या माशांची सुवर्णशिरे, घोड्यांची पुच्छे, आणि एका उंच भाल्यावर समपातळीत तोललेला सोन्याचा तराजू, न्यायाचे चिन्ह म्हणून. मासे व पुच्छे ही मोगली दरबारी चिन्हे त्याला परिचयाची असणार. तराजू मात्र त्याच्या धंद्याचेच साधन. दारात उभे असलेले दोन लहान हत्ती आणि दोन पांढरे घोडे पाहून ते या बिकट वाटेने वर कसे आणले असतील, असा प्रश्न त्याला पडला. काव्यदृष्टीचा माणूस हत्तींना ऐरावत म्हणून मोकळा होईल. वाहतुकीचा खर्च ज्याच्या डोक्यात आहे त्याला वाट दिसते. तुलादानाविषयी तो सांगतो की राजाचे वजन सुमारे १६,००० होन भरले. आपल्या परंपरेत तुला हे पुण्याचे कृत्य आहे आणि तिचा आकडा सांगितलाच तर दात्याच्या औदार्यासाठी. येथे आकडा हेच वाक्य आहे.

समारंभात इंग्रजांनी दुरून वाकून अभिवादन केले, नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरून दाखविली, महाराजांनी त्यांना सिंहासनाच्या पायरीपाशी बोलावले, वस्त्रे दिली आणि निरोप दिला. या प्रसंगात खरे बोलणारा माणूस एकच आहे, तो शेणवी. इंग्रजीतून जे आपण वाचतो, ते कोकणी-मराठीतून त्याच्या तोंडून आधी गेलेले आहे. त्याची स्वतःची पत्रेही कंपनीच्या दप्तरात इंग्रजी तर्जुम्याने शिल्लक आहेत. आपल्या भाषांतरविद्येच्या इतिहासात या दुभाष्याला अजून प्रकरण मिळालेले नाही, हे नमूद करावेसे वाटते.

वृत्तांताची एक दुसरी आवृत्तीही आहे. कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याने १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासग्रंथात या वकिलातीची हकीकत समाविष्ट केली. तो स्वतः रायगडावर नव्हता. गडावर रोज बकरी खाणारे हे पाहुणे आहेत तरी कसे, हे पाहण्यास म्हातारा खाटीक मुद्दाम चढून आला, ही गमतीची गोष्ट त्याच ग्रंथातली. मराठीत दोन्ही आवृत्त्या बहुधा एकत्र कालवल्या जातात. वास्तविक पहिली वसुलीच्या कामावर आलेल्या माणसाने धन्यांसाठी लिहिली आहे आणि दुसरी वाचकाचे मन रमविण्यासाठी. खाटिकाचा वखारीच्या हिशेबाला उपयोग नव्हता.

१२ जूनला तहनामा झाला. राजापूरबद्दल १०,००० होन मान्य झाले. दोन बाबी मात्र महाराजांनी धरून ठेवल्या. इंग्रजांचे नाणे राज्यात हुकमाने चालविण्याचे नाकारले. त्याच्या धातूचे जे मोल असेल ते लोक देतील. आणि किनाऱ्यास लागलेल्या फुटक्या जहाजांवरील राजाचा पूर्वापार हक्क सोडला नाही. नाणे आणि किनारा, या दोन गोष्टींत मुरड घातली म्हणजे व्यापारी हा व्यापारीच राहतो. भरपाईची मागणी पुढेही बरीच वर्षे चालू राहिली. रक्कम ठरणे आणि मिळणे यांतले अंतर त्या काळीही लहान नव्हते.

यानंतर चार दशकांनी, १७१६ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त साहुकार व टोपीकर यांविषयीची प्रकरणे लागोपाठ येतात. साहुकार राज्याला शोभा आणतात, त्यांना परमुलखातून बोलावून वसवावे, असे सांगून झाल्यावर ग्रंथकार टोपीकरांकडे वळतो आणि सूर बदलतो. यांच्या पाठीशी राजे आहेत, यांना भूमीचा लोभ आहे, हाती आलेले स्थळ हे मेल्यावाचून सोडणार नाहीत. वखारीस जागा द्यावीच लागली तर खाडी व समुद्रतीर सोडून गावाच्या पोटात द्यावी. अमात्यांच्या या निदानाला सुरत १६६४ चा आणि मुंबईचा अनुभव आधार देतो, याविषयी शंका नको. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली आणि ती आपल्याही नजरेतून निसटत आली आहे. टोपीकरांमागे राजा होता तसे घरही होते. डीनची थोरल्याने घेतलेली जमीन, बारहॅमची कर्जे, भावाचे थडगे, भाच्याची नोकरी, हे सारे त्या गलबतावर चढलेले होते. ‘आज्ञापत्र’ इंग्रजाला एक जात म्हणून पाहते. ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’सारख्या मोलाच्या साधनग्रंथांतही पत्राचे सार राहते, पत्र लिहिणाऱ्याचे गोत्र सारात बसत नाही. साधने गोळा करण्याच्या घाईच्या काळात ते क्षम्य होते. आता नाही.

पुढची कथा थोडक्यात. भाचा मास्टर १६७८ च्या जानेवारीत मद्रासचा मुख्य झाला. महाराजांची दक्षिणस्वारी आदल्याच वर्षी त्या बाजूने येऊन गेली होती. त्याने दप्तराची व नोंदवह्यांची पद्धत कडक केली, वर्गणीतून सेंट मेरीचे देऊळ १६८० साली उभे केले, आणि १६८१ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले. तो इंग्लंडात परतून १७२४ पर्यंत जगला, नाइटही झाला. डीनच्या थोरल्या हेन्रीला १६७८ साली वंशपरंपरेचा बॅरोनेट किताब मिळाला. अठराव्या शतकात ब्रूम पार्क ही हवेली घराण्याकडे आली. ती त्याच बारहॅम गावी, जेथे कवी हेन्री कर्जात बुडाला होता. १९११ मध्ये ती विकावी लागली, आणि घेणारा होता हिंदुस्थानचा माजी सरसेनापती लॉर्ड किचनेर. १९२४ साली किताबाचा शेवटचा वारस गेला. सुरतेची दुहेरी घुमटी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली अद्याप उभी आहे. आतल्या दगडावर ख्रिस्तोफरचा हिशेब कोरलेला आहे.